खापर

सगळे म्हणतात, झालं. सुटलीस.
रिपोर्ट साफ. केस परत आले,
आधी कापसासारखे, मग कुरळे,
माझ्या माहेरात कुणाचेच नव्हते तसे.
नाशकात शेवटचा शेक घेतला
त्याला अकरा महिने झाले.
फक्त हा डावा हात
अजून दवाखान्यातून घरी आला नाही.

पोटाशी धरून ठेवते त्याला,
दुसऱ्याचं लेकरू सांभाळायला घेतल्यासारखा.
त्याची आई कधीही दारात येईल,
विचारेल, हे वळ कसले?

बादली उजव्या हातानं. वेणी उजव्या हातानं,
म्हणजे वेणी नाहीच.
फळीवरचा डाळीचा डबा हर्षाली काढून देते,
न सांगता. तेच लागतं मनाला.
जिन्याचा कठडा डावीकडे आहे
म्हणून वर जाणं सोडलं.
गच्चीवर यंदा कुरडया वाळल्या की नाही, मला माहीत नाही.
बोरीच्या पुलापर्यंत जायची मी रोज, झपाझपा.
आता चार पावलं भरभर पडली,
छातीत धडधडलं की वाटतं, तेच.
पिठाच्या गिरणीपाशीच पाय माघारी वळतात.

दामिनी बाविस्कर, फिजिओथेरपीची मुलगी,
माझ्या धाकट्याहून लहान,
म्हणाली, काकू, भिंतीवर बोटं चालवा
मुंगी चढते तशी. रोज थोडी वर.
पेन्सिलनं खूण करा, तारीख घाला.
घातल्या.
सोळा फेब्रुवारी. एकोणीस. वीस.
मग सगळ्या एकावर एक.
भिंत तिथं काळी झाली,
दर वाढदिवसाला पोराची उंची मोजावी
आणि पोर वाढूच नये, तशी.

काय होईल असं वाटतं काकू, तिनं विचारलं.
काय सांगू?
शिवण उसवेल.
आत काहीतरी निजलंय, ते जागं होईल.
पैलाडच्या एका बाईचा हात सुजला होता,
बांगडी कापून काढावी लागली, तसं होईल.
ती म्हणाली, नुसतं बसून राहिलात तरी सुजू शकतो.
इतकं खरं बोलायची काही गरज नव्हती.

यमुनाजिजी ओट्यावरून ओरडते,
हात कसा शे व तुना?
शे, म्हणते मी.

आणि परवा हर्षालीनं चहा ठेवता ठेवता सांगितलं,
आई, रात्री तीनला मी पाणी प्यायला उठले,
तुमचा हात उशीच्याही वर, पार भिंतीला टेकलेला.
उजवा असेल, मी म्हटलं.
नाही. ज्यात बांगड्या नाहीत, तो.

राग आला मला.
मला न विचारता
रोज रात्री जातो कुठे हा?
आणि उजाडायच्या आत परत येऊन
पोटाशी निजतो, साळसूद.

आखाजीला लेक येणार, म्हणजे मांडे आले.
खापर पोत्यात गुंडाळलेलं,
मागच्या आखाजीला चुलीवर चढलंच नव्हतं.
हर्षाली वाईची, तिला पोळपाट लागतो.
मांड्याला दोन हात लागतात, खांद्यापासून.
एका हाताचा मांडा नसतो.

धग लागू देऊ नका, असं दवाखान्याच्या कागदावर आहे,
म्हणून चुलीपासून दोन पावलं मागे, अंग चोरून उभी.
उंडा थापला. हातांवर घेतला.
उजव्यावरून डाव्यावर, डाव्यावरून
काखेत ओढ बसली, दोरी ताणावी तशी.
मी थांबले.
पीठ थांबत नाही. ते लोंबतं, पातळ होत जातं,
पलीकडचा जाळ दिसायला लागतो त्यातून.
हात वर नेला.
किती वर, सांगता येणार नाही,
तिथं भिंत नव्हती.

मांडा मधोमध फाटला.
पुरण निखाऱ्यात, घरभर करपट गुळाचा वास,
अर्धा कसाबसा खापरावर.
लेक म्हणाली, हाच मला वाढ.
तिच्या डोळ्यांत धूर गेला होता, असं ती म्हणते.

रात्री हात दुखला. फार नाही.
फार नाही म्हणून जागी राहिले,
फारची वाट बघत, तीनच्या ठोक्यापर्यंत.
पुढे कधीतरी डोळा लागला.
हात मग कुठे गेला,
हर्षालीला मी विचारलं नाही.